दोन मजूर संस्थांनी मिळून एकच काम घ्यायचे असेल तर: कलम २० ची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

काम मोठे असते, मुदत थोडी असते आणि एकट्या मजूर सहकारी संस्थेकडे तेवढे सभासद नसतात. मग ओळखीच्या दुसऱ्या संस्थेला सोबत घेतले जाते. कार्यादेश एकीच्या नावावर निघतो आणि वाटणी दोन्ही अध्यक्षांमध्ये तोंडी ठरते. पहिले देयक निघेपर्यंत सगळे गोडीत चालते. पुढे ग्राहकाने, म्हणजे काम देणाऱ्याने, दंड कापला किंवा सुरक्षा ठेव अडकली, की नुकसान कोणी सोसायचे याचे उत्तर कुठल्याच कागदावर सापडत नाही. ज्यांनी अंगमेहनत केली त्या सभासदांची मजुरी यात लटकते, म्हणून काम सुरू होण्याआधीची ही प्रक्रिया नीट समजून घ्यायला हवी.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २० नुसार दोन किंवा अधिक सहकारी संस्था एखाद्या विशिष्ट व्यवसायासाठी भागीदारी करू शकतात. त्यासाठी प्रत्येक संस्थेच्या सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्या सभासदांच्या तीन चतुर्थांश बहुमताने ठराव व्हावा लागतो आणि निबंधकांची, म्हणजे सहकारी संस्थांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची, पूर्वमान्यता लागते. अशा भागीदारीला १९३२ चा भारतीय भागीदारी अधिनियम लागू होत नाही. दोन संस्थांच्या विलीनीकरणाला याच कायद्यात दोन तृतीयांश मते पुरतात, भागीदारीला मात्र तीन चतुर्थांश लागतात. संस्था स्वतंत्र राहून दुसरीच्या जोखमीत उतरते, तेव्हा सभासदांचा कौल अधिक भक्कम असावा हे मला रास्तच वाटते.

कोण पात्र

सर्व संस्था याच अधिनियमाखाली नोंदलेल्या असाव्यात. बहुराज्य सहकारी संस्थेला वेगळा, २००२ चा केंद्रीय कायदा लागू आहे. तिच्यासोबत काम करायचे तर कलम २० चा अर्ज चालेल असे धरून बसू नका. शासकीय उपक्रमाशी किंवा शासनमान्य उपक्रमाशी सहयोग करायचा असेल तर कलम २०-अ आहे आणि तिथे मान्यता राज्य शासनाची लागते. उपविधीतील, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या मंजूर नियमावलीतील, उद्देशही तपासा. हाती घ्यायचे काम दोन्ही संस्थांच्या उद्देशांत बसले पाहिजे. बसत नसेल तर आधी उपविधी दुरुस्ती करावी लागेल आणि तिला वेगळा वेळ जातो.

सभा आणि नोटीस

प्रस्ताव अडकण्याची सर्वात मोठी शक्यता इथेच असते. प्रत्येक सभासदाला ठरावाची आणि सभेच्या तारखेची पूर्ण दहा दिवस आधी लेखी नोटीस मिळाली पाहिजे. पूर्ण दहा दिवस मोजताना नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडायचे. १ तारखेला नोटीस हाती पडली तर सभा १२ तारखेच्या आधी नको. उपविधीत सभेच्या नोटिशीची मुदत याहून जास्त असेल तर ती पाळा. व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या संदेशावर विसंबू नका. सहीची पोहोच घ्या किंवा टपालाची पावती जपून ठेवा.

नोटिशीत "भागीदारीबाबत चर्चा" एवढेच लिहून भागत नाही. ठरावाचा पूर्ण मसुदा द्यावा. कोणत्या संस्थेबरोबर, कोणते काम, किती रकमेचे, किती मुदतीचे, नफा-तोट्याचे प्रमाण काय, हे सभासदाला घरी वाचता आले पाहिजे. मतमोजणीत तटस्थ राहिलेले धरले जात नाहीत. ५० जणांनी मतदान केले तर ठरावाच्या बाजूने किमान ३८ हवेत. इतिवृत्तात हजर, बाजूने, विरोधात आणि तटस्थ असे चारही आकडे लिहा. "बहुमताने मंजूर" एवढ्याच ओळीवरून तीन चतुर्थांश झाले की नाही ते कळत नाही. हे सगळे प्रत्येक संस्थेने आपापल्या सभेत करायचे आहे. दोन्ही संस्थांची एकत्र सभा भरवून एकच ठराव केला तर तो उपयोगाचा नाही.

करारनाम्याचा मसुदा

भागीदारी अधिनियमातील तयार नियम इथे मदतीला येत नसल्याने करारातच सगळे यावे लागते. ग्राहकाशी पत्रव्यवहार कोणी करायचा, बयाणा रक्कम आणि सुरक्षा ठेव कोणी किती भरायची, बँक खाते कोणाच्या संयुक्त सहीने चालायचे, हे लिहाच. पण खरा जीव आहे तो कामाच्या मोजमापात आणि दंडाच्या वाटणीत. दोन्ही संस्थांच्या कामाची मोजमापे वेगळी नोंदवा आणि उशीर ज्या भागात झाला त्या भागाच्या संस्थेने दंड सोसावा असे कलम घाला. ग्राहक बहुधा दोघांनाही मिळून पूर्ण कामासाठी जबाबदार धरतो, त्यामुळे आपसातली जबाबदारी स्पष्ट असणे जास्तच गरजेचे. माझा आग्रह असा की मजुरी आधी आणि नफा नंतर, हेही करारात असावे: आलेल्या रकमेतून दोन्हीकडच्या सभासदांची मजुरी भागल्याशिवाय वाटप होणार नाही. राखीव निधी भांडवल म्हणून धरू नका, त्याच्या वापरावर कायद्याचे बंधन आहे.

कागदपत्रे

प्रस्तावाला प्रत्येक संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि मंजूर उपविधींची प्रत जोडा. सभेची नोटीस, ती पोहोचल्याचा पुरावा, हजेरीपट आणि अध्यक्ष-सचिवांच्या सहीची ठरावाची प्रत हा संच वेगळा लावा. अखेरचा लेखापरीक्षण अहवाल, त्यावरचा दोष दुरुस्ती अहवाल, ताळेबंद, सभासद यादी आणि विद्यमान समितीची यादीही द्या. त्यासोबत करारनाम्याचा मसुदा, कामाचा आर्थिक आराखडा आणि ग्राहकाचे पत्र किंवा निविदेची प्रत असावी. लेखापरीक्षण थकलेले असेल तर आधी ते पूर्ण करून घ्या.

अर्ज आपल्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे निबंधक कार्यालयाकडे जातो. तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक असतात. संस्था वेगवेगळ्या तालुक्यांतल्या किंवा जिल्ह्यांतल्या असतील तर प्रस्ताव कोणत्या कार्यालयात द्यायचा ते आधी लेखी विचारून घ्या. आवक क्रमांकाशिवाय कागद सोडू नका. मान्यता आधी हवी असते, म्हणून करारावर सह्या मान्यतेनंतरच करा. निविदेची तारीख जवळ आल्यावर सभेची धावपळ करण्यापेक्षा अशा कामाची चाहूल लागताच नोटीस काढावी. संयुक्त सहभाग चालतो की नाही हे निविदेच्या अटींत आधीच पाहून ठेवा.

भागीदारी नको असेल तर एका संस्थेने काम घेऊन दुसरीला उपकंत्राट देण्याचा मार्ग उरतो. ग्राहकाची लेखी संमती मात्र लागेल. यात नफा-तोटा वाटला जात नाही, ठरलेल्या दराने पैसे मिळतात. लहान, एकदाच होणाऱ्या कामाला मी हाच मार्ग सुचवेन.

कराबाबत लेखापरीक्षकाला सुरुवातीलाच बसवून दोन गोष्टी विचारा. एक, भागीदारीसाठी स्वतंत्र पॅन आणि जीएसटी नोंदणी लागेल का. दुसरी, प्राप्तिकरातील वजावट टिकेल का. ही वजावट सभासदांच्या सामूहिक श्रमातून झालेल्या उत्पन्नासाठी आहे, बाहेरचे मजूर लावले तर तिच्यावर प्रश्न येतो. त्यासाठी दोन्ही संस्थांची हजेरीपत्रके पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

काम संपले, सुरक्षा ठेव परत आली, की हिशेब दोन्ही सभांपुढे मांडून खाते बंद करा आणि निबंधक कार्यालयाला कळवा. मान्यता त्या विशिष्ट कामापुरती असते, पुढच्या कामाला नवा ठराव लागेल. संस्थांमध्ये व्यवहारावरून वाद झालाच तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दाद मागता येते. तिथे पहिल्यांदा मागितले जातील ते करारनामा, मोजमापे आणि इतिवृत्त.