रंगीत स्कॅनमध्ये डिप्रेशन ‘दिसतं’ का?
“मेंदूचा रंगीत स्कॅन काढा, डिप्रेशन आहे की नाही ते कळेल,” हे नाशकात पंचवटीपासून सिडकोपर्यंत ऐकू येतं. तसं नाही. स्कॅनमधले फरक गटाच्या सरासरीत दिसतात. एकट्या रुग्णाचं निदान बोलून, लक्षणं तपासूनच होतं. रंग तर संगणक भरतो!

असा रंगीत स्कॅन म्हणजे एफडीजी पेट: एफडीजी हा साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचून मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते पाहतात. तो उपयोगी पडतो ते अल्झायमर आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हे मेंदूची क्षमता ढासळवणारे दोन आजार वेगळे ओळखायला, किंवा शस्त्रक्रियेआधी फिट्सचा उगम शोधायला. तिथेही आधी किमान 4 तास उपाशी राहायचं, फक्त पाणी प्यायचं. निफाड-सिन्नरहून निघताना घेतलेला गोड चहासुद्धा नडतो: रक्तातली साखर वाढली की मेंदूत एफडीजी कमी शिरतं. इंजेक्शननंतर साधारण अर्धा तास मंद उजेडात गप्प पडून राहायचं. मोबाइल पाहिला तर दृष्टीचा भाग उगाच उजळतो. मधुमेहाची औषधं मात्र परस्पर बंद करू नयेत.