अंडं मशीनमध्ये ठेवल्यावर आत २१ दिवस काय चाललेलं असतं

कोंबडीची अंडी उबवायच्या मशीनच्या (इनक्युबेटरच्या) झाकणावर चार गोष्टी छापल्यात. ३७.५ डिग्री, ५० ते ५५ टक्के ह्युमिडिटी म्हणजे हवेतला ओलावा, दिवसातून निदान तीनदा टर्निंग म्हणजे अंडी फिरवणं, आणि १८ व्या दिवसानंतर टर्निंग बंद, ह्युमिडिटी ६५ ते ७०. एवढं पाठ करून काम भागतं, नाही असं नाही, पण आत पिल्लू कसं घडतंय हे एकदा डोक्यात बसलं की पाठ करायला काही उरत नाही, लाइट गेल्यावर किती घाबरायचं तेही आपलं आपल्याला कळतं. म्हणून हा कागद.

आधी एक गैरसमज काढू. पिल्लू पिवळ्या बलकापासून बनत नाही, बलक हे त्याचं खाणं. पिल्लू बनतं ते बलकावर जो तीन-चार मिलिमीटरचा पांढुरका ठिपका असतो त्यातून. अंडं फलित असेल तर ठिपक्याला गोल कडं दिसतं, नसेल तर नुसताच पांढरा डाग. आणि अंडं घातलं जातं तेव्हा काम आधीच सुरू झालेलं असतं, कारण कोंबडीच्या पोटात ते साधारण एक दिवस असतं, तिथली ऊब मिळते आणि पेशी वाढून हजारोंच्या घरात जातात. बाहेर आल्यावर गार लागलं की सगळं थांबतं, मरत नाही, थांबतं. म्हणून तर अंडी आठवडाभर साठवता येतात, १५ ते १८ डिग्रीला, निमुळतं टोक खाली करून. कडक उन्हाळ्यात खोलीतच ठेवली तर ती ना धड थांबतात ना धड वाढतात, आणि अशी अंडी मशीनमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातात. आठवडा उलटला की पिल्लं निघण्याचं प्रमाण रोज थोडं थोडं कमी होत जातं. आणि अंडी धुऊ नका प्लीज, टरफलावर जो पातळ थर असतो तो जंतू अडवतो, धुतला की गेला.

मशीनमधले पहिले दोन दिवस बाहेरून काहीच दिसत नाही पण खरी धावपळ तेव्हाच असते, पहिल्या दिवसात डोक्याची-पाठीची आखणी होते आणि दुसरा दिवस संपायच्या आत हृदय धडधडायला लागतं, तेही पूर्ण तयार व्हायच्या आधीच. तिसऱ्या दिवशी अंडं फोडलं तर बलकावर एक लाल टिंब उडताना नुसत्या डोळ्यांनी दिसतं. अ‍ॅरिस्टॉटलने साधारण साडेतेवीसशे वर्षांपूर्वी हेच बघून लिहून ठेवलंय, मशीन नव्हतं त्याच्याकडे, कोंबडीखालची अंडी फोडून बघितली त्याने. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय आणि पंखांचे कोंब फुटतात, डोळा काळा पडायला लागतो.

टर्निंग का ते इथे कळतं. गर्भ बलकाच्या वरच्या बाजूला असतो आणि बलक हलका असल्याने वर तरंगत जातो, अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर गर्भ टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि संपतो. शिवाय पहिल्या आठवड्यात रक्तवाहिन्यांचं जाळं बलकावर आणि पुढे टरफलाच्या आतून पसरायचं असतं, ते नीट पसरायला हालचाल लागतेच. त्यामुळे टर्निंगचा कंटाळा करायचाच असेल तर दुसऱ्या आठवड्यात करा, पहिल्या आठवड्यात अजिबात नको. हाताने फिरवत असाल तर आकडा विषम ठेवा, तीन किंवा पाच, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज त्याच कुशीवर जात नाही.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा. लाल शिरांचं जाळं आणि मधोमध काळा ठिपका, तो ठिपका म्हणजे डोळा, आणि जरा धीर धरून बघितलं तर तो हलतो. आरपार स्वच्छ दिसलं तर बहुतेक अंडं फलितच नव्हतं. शिरा नाहीत पण लाल गोल रिंग दिसतेय, तर गर्भ सुरुवातीला मेलाय, काढून टाका, नाहीतर सडून फुटेल आणि मशीनभर वास. गडद तपकिरी टरफलात नीट दिसत नाही, शंका असेल तर राहू द्या, तीन-चार दिवसांनी परत बघा.

दुसऱ्या आठवड्यात चोच कडक होते, तिच्या टोकावर टरफल फोडायला एक बारीक दात येतो, अंगावर लव फुटते. साधारण १२-१३ व्या दिवसापासून पिल्लू पांढरा बलक अक्षरशः गिळायला लागतं. हाडांना लागणारं कॅल्शियम बहुतेक टरफलातूनच ओढून घेतं, त्याने टरफल आतून जरा झिजतं, जे पुढे फोडताना उपयोगी पडतं. आणि याच सुमारास अंडी स्वतःची उष्णता टाकायला लागतात. म्हणजे सुरुवातीला मशीन अंड्यांना गरम ठेवतं आणि शेवटी शेवटी अंडीच मशीनला. तेव्हा भरलेल्या मशीनमध्ये हवेची भोकं बुजवू नका, तापमान वर जाणं हे खाली जाण्यापेक्षा जास्त वाईट. लाइट तास-दोन तास गेली तर गर्भ सहसा तग धरतो, ४० च्या वर काही तास राहिलं तर अवघड आहे.

ह्युमिडिटीचं गणित सगळ्यांना किचकट वाटतं पण सोपं आहे. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी उडतं आणि रुंद टोकाला हवेची पोकळी वाढत जाते. १८ दिवसांत वजन १२-१३ टक्के घटायला हवं, म्हणजे ६० ग्रॅमचं अंडं साधारण ५२-५३ ग्रॅमवर यायला हवं, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. घट कमी झाली तर पोकळी लहान राहते, पिल्लाला श्वास घ्यायला जागा नाही. जास्त झाली तर आतला पापुद्रा वाळून कातड्यासारखा होतो.

आता शेवटचे तीन दिवस, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पिल्लू डोकं रुंद टोकाकडे आणि चोच उजव्या पंखाखालून काढून बसलेलं असतं, अशा वेळी अंडं फिरवलं तर त्याची दिशा चुकते, म्हणून टर्निंग बंद. १९-२० व्या दिवशी उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो, चोच पोकळीत शिरते, पहिल्यांदा फुफ्फुसाने श्वास, आणि अंड्यातून चिवचिव ऐकू येते. मग टरफलाला ताऱ्यासारखा बारीक तडा पडतो. आणि मग बारा तास, कधी जवळपास दिवसभर, काहीच घडत नाही. इथेच लोकांचा हात शिवशिवतो. पण आत काम चालूच असतं, पापुद्र्यातलं रक्त अंगात परत घेणं चाललेलं असतं, तुम्ही टरफल सोललंत तर त्या भरलेल्या शिरा फाटतात आणि पिल्लू रक्तस्रावाने जातं. झाकण उघडलं तरी नुकसान आहेच, एका मिनिटात वाफ निघून जाते आणि ज्यांनी टरफल फोडलंय त्यांचा पापुद्रा वाळून अंगाला चिकटतो. बघायचं तर काचेतून बघा.

निघालेलं पिल्लू ओलं, लोळत पडलेलं, मेल्यासारखं दिसतं, दिसू द्या. अंग वाळून लव फुलली की बाहेर काढा, घाई नाही, पोटातला बलक दोन दिवस सहज पुरतो.

२३ वा दिवस संपला की न फुटलेली अंडी फेकण्याआधी अंगणात नेऊन फोडून बघा. नाकाला रुमाल लावा आणि बघा. लवकर मेलेले गर्भ जास्त असतील तर साठवण, टर्निंग किंवा सुरुवातीचं तापमान तपासा. पूर्ण तयार पिल्लं पण टरफलाला चोचही न लावलेली असतील तर ह्युमिडिटी किंवा हवा. सगळी पिल्लं १९-२० व्या दिवशीच निघाली असतील तर तापमान जास्त होतं, २२-२३ ला निघाली तर कमी होतं, थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला लावून परत एकदा चेक करा.