क्लँगची कमांड-पुस्तिका नव्याने: जुनी छापील पानं काढून टाका

आमच्याकडून क्लँग या कंपायलरवर आधारलेली सी टूलचेन (सी भाषेतला कोड चालता प्रोग्राम बनवणारा साधनसंच) घेणाऱ्या ग्राहकांसाठी कमांड-पुस्तिका आम्ही नव्याने लिहून काढली आहे. पुढच्या अपडेटबरोबर ती आपल्याकडे येईलच. लॅबच्या भिंतीवर जुनी पानं चिकटवलेली असतील तर ती उतरवा, कारण त्यांतल्या काही ओळी आजच्या कंपायलरला लागू नाहीत.

सर्वांत जास्त प्रश्न डीफॉल्ट स्टँडर्डवरून, म्हणजे सी भाषेची कोणती आवृत्ती आपोआप धरली जाते यावरून येतात. कमांडमध्ये स्टँडर्ड सांगितलं नाही, तर क्लँग 11 पासून (2020) ग्नू17, म्हणजे सी17 आणि वर ग्नूची भर, धरलं जातं. त्याआधी ग्नू11 होतं. जीसीसी हा दुसरा सी कंपायलर तर आवृत्ती 15 पासून (2025) ग्नू23 वर गेला आहे. सी23 मध्ये 'बूल' हा राखीव शब्द आहे, त्यामुळे जुन्या हेडरमधला 'टाइपडेफ इंट बूल' तिथे अडतो. एकच कोड दोन्ही कंपायलरवर चालवत असाल, तर डीफॉल्टच्या भरवशावर राहू नका. मेकफाइलमध्ये (कंपाइल करण्याच्या कमांड असलेल्या फाइलमध्ये) स्टँडर्ड स्वतः लिहा. खात्री करायची असेल तर स्टँडर्डची आवृत्ती सांगणारा मॅक्रो छापून पाहा: 201710 आलं म्हणजे सी17.

दुसरी गोष्ट घोषणा न केलेल्या फंक्शनची. पूर्वी यावर नुसता इशारा यायचा आणि बरेच जण तो वाचतही नसत. क्लँग 16 पासून (2023) ती थेट एरर आहे, आणि आमच्या मते हे फार आधीच व्हायला हवं होतं. घोषणा नसलेलं फंक्शन 'इंट' परत करतं असं गृहीत धरलं जातं. ते खरं तर पॉइंटर परत करत असेल, तर 64 बिटांच्या मशीनवर वरचे 32 बिट गळतात आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. एररचा पुन्हा इशारा करण्याचा पर्याय पुस्तिकेत दिला आहे. जिच्या कोडला हात लावता येत नाही अशा जुन्या लायब्ररीपुरताच तो वापरा.

हेडरमध्ये 'एक्स्टर्न' न लावता ग्लोबल व्हेरिएबल लिहिला असेल, आणि तो हेडर एकाहून जास्त फाइलींत घेतला असेल, तर क्लँग 11 पासून लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्राम) 'दोनदा व्याख्या' म्हणून तक्रार करतो. ऑप्टिमायझेशनची पातळी 4 लिहिणाऱ्यांना पातळी 3 च मिळते. वेगळं काही होत नाही.

पुस्तिकेत फक्त ड्रायव्हरचे, म्हणजे आपण टर्मिनलवर देतो ते पर्याय आहेत. ड्रायव्हर आतून फ्रंट एंडला, म्हणजे कोड वाचून तपासणाऱ्या भागाला, 'सीसी1' म्हणून बोलावतो. त्या आतल्या पर्यायांची नावं कोणत्याही आवृत्तीत बदलू शकतात, म्हणून ती आम्ही मुद्दाम छापलेली नाहीत. इंटरनेटवरून उचललेला असा एखादा पर्याय मेकफाइलमध्ये असेल, तर अपडेटच्या आधी आम्हाला विचारा.

आतून नेमकं काय चालतं ते बघायचं असेल, तर नेहमीच्या कमांडला -### जोडा. काहीही कंपाइल न होता आतल्या सगळ्या कमांड पडद्यावर येतात. अडचण कळवताना तेवढा मजकूर आणि कंपायलरची आवृत्ती सोबत पाठवा.