निरूपणाविना गाणे

‘ती गेली तेव्हा’ हे गाणे ऐकणाऱ्या अनेकांना त्यातली ‘ती’ प्रेयसी वाटते. कवी ग्रेस यांच्या मूळ कवितेत ‘ती आई होती’ असे शब्द स्वच्छ आलेले आहेत. तरीही हृदयनाथ मंगेशकरांच्या आवाजातली पहिली ओळ कानी पडली, की ऐकणारा तिला आपल्या वियोगाशी जोडून मोकळा होतो. हे केवळ अनवधान म्हणता येत नाही, कारण असे जोडणे आपल्याकडे फार जुने आहे.

शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे जो सूचित होतो तोच काव्याचा आत्मा, असे नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने मांडले. पुढे अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘गतोऽस्तमर्कः’, म्हणजे ‘सूर्य मावळला’, एवढ्याच वाक्याचे उदाहरण घेतले: कष्टकऱ्याला ते काम थांबवायला सांगते, गुराख्याला गाई परत वळवायला, प्रियकराच्या भेटीला जाणाऱ्या अभिसारिकेला निघायला आणि व्यापाऱ्याला माल आवरायला. मात्र कोण बोलतो, कोण ऐकतो आणि प्रसंग कोणता, यांवर सूचित अर्थ ठरतो, ही अटही त्याच शास्त्रातली आहे आणि ती सहसा विसरली जाते.

मराठीत ही अट सांभाळण्याचे काम कीर्तनकाराने केले. ज्ञानदेवांच्या नावे गायल्या जाणाऱ्या ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव’ यासारख्या कूट रचना ऐकणाऱ्याला मुद्दाम कोड्यात टाकतात, तर ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ या विरहिणीत, म्हणजे विरहाच्या पदात, घरातल्या बाईचा रोजचा शकुन आणि पंढरीरायाची वाट पाहणे एकमेकांत मिसळलेले असते. कीर्तनात असे पद गाऊन त्यावर निरूपण, म्हणजे अर्थाचा उलगडा, होई, दृष्टांत येत, आणि श्रोता घरी जाताना पदाबरोबर अर्थही घेऊन जाई. अर्थात जात्यावर बसलेल्या बाईने त्याच पदात परमुलखी गेलेल्या मुलाची वाट पाहिली नसेल, असे मानणे मला अवघड वाटते.

विसाव्या शतकात ग्रामोफोन आणि रेडिओ आले. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत; त्यात निरूपणाला जागा नव्हती आणि लांब कवितेच्या सगळ्या कडव्यांनाही नव्हती. भावगीत या चौकटीत वाढले. माझ्या मते खरा बदल इथे झाला: शब्द संदिग्ध होते तसेच राहिले, पण त्यांचा उलगडा करणारा माणूस मैफिलीतून उठून गेला, आणि घरात एकट्याने ऐकणारा स्वतःच स्वतःचा कीर्तनकार झाला.

हृदयनाथांनी चाली दिल्यामुळे आरती प्रभू आणि ग्रेस यांच्या कविता या नव्या श्रोत्यापर्यंत पोचल्या. आरती प्रभू म्हणजे चिंतामणी त्र्यंबक खानोलकर (१९३०–१९७६). त्यांच्या ‘ये रे घना’मध्ये ढगाला आधी बोलावणे आहे, आणि पुढे वाऱ्याचे, फुलांचे, रानोमाळ गेलेल्या गंधाचे भय आहे, आशा भोसले यांच्या स्वरात कुणी ते पावसाचे गाणे म्हणून ऐकतो, तर कुणाला त्यात हातून निसटलेले काहीतरी दिसते. ग्रेस (१९३७–२०१२) यांच्यावर तर दुर्बोधतेचा शिक्का आयुष्यभर होता. पुस्तकात त्यांना बिचकणारा वाचक गाण्यात मात्र बिचकत नाही, हे चालीचे श्रेय आहे. चाल अर्थ सांगत नाही, पण अर्थ लागेपर्यंत थांबण्याची सोय करते.

‘भय इथले संपत नाही’चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. लता मंगेशकरांच्या आवाजात ते ‘महाश्वेता’ या दूरदर्शन मालिकेचे शीर्षकगीत झाले आणि मम्मटाच्या भाषेत त्याला नवे ‘प्रकरण’, म्हणजे अर्थ ठरवणारा नवा संदर्भ, मिळाले. त्या पिढीतल्या अनेकांसाठी ते आधी मालिकेचे गाणे आहे, कविता नंतर. पण संध्याकाळी गायची गीते ज्याने किंवा जिने शिकवली, तो ‘तू’ कोण, हे कविता नाव घेऊन सांगत नाही. मालिका संपली आणि ती जागा ऐकणाऱ्यांसाठी पुन्हा रिकामी झाली.