गढूळ समुद्राची बाजू

लक्षद्वीपचे फोटो बघून आलेला माणूस दादर चौपाटीवर उभा राहिला, की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘काय घाण पाणी आहे!’ सांडपाणी समुद्रात जातं हे खरंच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण हा मातकट रंग प्रामुख्याने गाळाचा. शहर नसतं तरी इथलं पाणी गढूळच असतं.

खोल, स्वच्छ पाणी मुळात निळं. प्रकाशातला तांबडा भाग ते वरच्या काही मीटरांतच शोषून घेतं. निळा खोलवर जातो, विखुरतो आणि वर परततो. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले मानत. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी निकोल प्रिझम (परावर्तित प्रकाश गाळता येणारा स्फटिक) लावून पृष्ठभागावरचं परावर्तन अडवलं, तरी पाणी निळंच! त्यावरचं टिपण त्यांनी ‘नेचर’ला पाठवलं, त्यावर ठिकाण आहे मुंबई बंदर. निळाईच्या उलगड्याचं टिपण निघालं ते याच मातकट पाण्यातल्या बंदरातून.

मुंबईचा किनारा उथळ. उल्हास नदी आणि खाड्या गाळ आणतात, आणि उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर धावलं तर तळाचा बारीक चिखल बसणार कधी? भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती लहान असते तेव्हा, ओढ मंदावते, तेव्हा पाणी थोडं निवळतं. मालवणकडे भरती बरीच लहान, म्हणून पावसाळा सरल्यावर तारकर्लीला पाण्याखालचे खडक दिसतात. लक्षद्वीपला तर नदीच नाही, तळाशी पांढरी प्रवाळवाळू.

हिरवट पाण्याचं कारण वेगळं: वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. त्यांतलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश खातं. ओशनसॅट उपग्रह पाण्याच्या रंगावरून हे हरितद्रव्य मोजतात, आणि हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याच्या आधारे मासळी कुठे मिळेल ते मच्छीमारांना कळवते. गर्द निळ्या, नितळ पाण्यात प्लवक कमी, म्हणजे माशांना अन्नही कमी. दक्षिण प्रशांत महासागराचा मधला भाग जगातल्या सर्वांत नितळ पाण्यांपैकी, आणि जवळजवळ वाळवंटच.

बोंबील मात्र आपल्या गढूळ पाण्यातला. तो पकडायची डोल जाळी एका जागी बांधलेली असते, ती ओढत नेत नाहीत. भरती-ओहोटीची जी ओढ चिखल ढवळते, तीच तिच्यात मासळी भरते.