ओल कमरेवरून खांद्यावर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात ओलीची रेघ पूर्वी कमरेएवढी होती. आठ वर्षांपूर्वी मी आणि भावानं ती खोली दुरुस्त करायला घेतली. चुन्याचा भुसभुशीत गिलावा खरवडला, सिमेंटचं प्लास्टर केलं, वरून ऑइलपेंट मारला. दोन पावसाळे भिंत आरशासारखी होती. तिसऱ्या वर्षी रंगाला फुगे आले आणि ओल खांद्यापर्यंत चढली. म्हणजे पैसे मोजून आम्ही ओलीला शिडीच लावून दिली होती!

चहात खारीचं टोक बुडवा, चहा आपोआप वर चढतो. भिंतीतही हेच केशाकर्षण चालतं. छिद्र जितकं बारीक, पाणी तितकं उंच. १ मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी दीड सेंटीमीटर चढतं, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत दीड मीटर. जुन्या विटांमध्ये अशी बारीक छिद्रं भरपूर असतात आणि त्या काळच्या जोत्यात ओल अडवणारा थर क्वचितच घातलेला असे. तरी पाणी छतापर्यंत जात नाही, कारण वाटेत ते भिंतीतून उडूनही जात असतं. जेवढं खालून येतं तेवढंच उडतं, त्या उंचीवर रेघ थांबते. आम्ही उडण्याची वाट बुजवली, मग पाणी वाट सापडेपर्यंत वर गेलं. यंदा आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी थापीनं दोन ठोके मारले आणि म्हणाले, ‘‘भाऊ, तुम्ही भिंतीले रेनकोट घातला. आतला घाम कुठून जाईन?’’ ‘चुन्याची भिंत श्वास घेते’ या लाडक्या वाक्यापेक्षा मला हे जास्त पटलं. भिंतीला फुप्फुसं नसतात. चुन्यातून वाफ सहज निघते, दाट सिमेंटातून कमी आणि ऑइलपेंटमधून जवळपास नाहीच, एवढाच तो मामला.

पण नुसत्या पाण्यानं वीट फुटत नाही. ती फोडतात क्षार. जमिनीतलं पाणी ते विरघळवून आणतं, काही विटेतून सुटतात, काही सिमेंटातूनच येतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. तोच लोणा. पांढरी पूड चिमूटभर पाण्यात टाकून पाहा: विरघळली तर लोणा, नाही तर बहुधा बुरशी किंवा चुना. लोणा बाहेरच्या बाजूला जमला तर झाडूनं निघतो. प्लास्टरच्या पाठीमागे जमला की मात्र खेळ सुरू होतो. यातला सगळ्यात खोडकर सोडियम सल्फेट. साधारण ३२ अंशांच्या वर तो कोरडा स्फटिक होऊन बसतो. तापमान त्याच्या खाली आलं आणि पाणी मिळालं की प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू पोटात घेतो आणि आकारमानानं जवळजवळ चौपट होतो. इवल्याशा छिद्रात एवढी जागा कुठून येणार? नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो (मे २०१३ मध्ये तो ४७.९ वर गेला होता) आणि मृगाच्या सरी आल्या की धाडकन उतरतो, वर हवा दमट. या क्षाराला फुगायला याहून चांगला मुहूर्त नाही. पहिल्या पावसानंतर पोपडे पडले की आपण गळक्या छताला शिव्या देतो. छत दर वेळी दोषी नसतं.

आपल्याकडे घराचं काम उन्हाळ्याच्या सुट्टीत काढतात, पोरं मामाकडे गेली की. चुन्याला ते अजिबात मानवत नाही. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, पण त्यासाठी छिद्रांत थोडं पाणी लागतं आणि थोडी हवाही. पंचेचाळीस अंशांत तो घट्ट होण्याआधीच वाळतो आणि बोट लावलं की भुगा. उलट छिद्रं पाण्यानं गच्च भरली तर वायू आतच शिरत नाही. म्हणून दिवाळीनंतरचे महिने बरे. तेव्हाही ओली पोती टांगून काम जपावं लागतं, आणि जाड गिलावा आतपर्यंत घट्ट व्हायला महिने जातात.

हे सगळं गिलाव्याचं झालं. ओल येते कुठून, ते आधी बघायला हवं होतं. गल्लीतला रस्ता थरावर थर चढत आमच्या जोत्याच्या वर आला आहे, पावसाचं पाणी भिंतीलाच टेकतं. शिवाय खिडकीतला कूलर चार महिने त्याच भिंतीवर तुषार उडवायचा. शंका असेल तर भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतलं, बाहेरून आले तर खोलीच्या हवेतलं. आमच्याकडे दोन्हीकडून आले.

सध्या भिंत उघडी आहे. सिमेंट विटेपर्यंत काढलं, बाहेरची माती खणून उतार भिंतीपासून दूर दिला, कूलर अंगणाच्या बाजूला गेला. लोणा आम्ही कोरड्या ब्रशनं झाडतो. धुतला तर तो विरघळून परत भिंतीत जाईल. भावानं पेन्सिलीनं रेघांवर तारखा टाकल्या आहेत. जानेवारीच्या रेघेखाली चार बोटांवर मेची रेघ आहे. खरी परीक्षा पावसाळ्यात, तोवर चुन्याचं घमेलं आणायचं नाही असं ठरलंय.