कवच काढले तरी अंडे फुटू शकते

कवच फोडून अंडे पाण्यात सोडले की मायक्रोवेव्हमध्ये ते फुटत नाही, हा जुना समज अर्धाच खरा आहे. कवच गेले तरी बलकाभोवती पातळ पापुद्रा राहतो, आणि सुमारे निम्मा पाण्याचाच असलेला बलक आतल्या आत १०० अंश सेल्सिअसपलीकडे तापूनही शांत दिसू शकतो. मग चमचा किंवा दात लागताच कोंडलेली वाफ उसळून तोंड भाजते. म्हणून अंडे बुडेल इतके पाणी घेऊन बलकाला टूथपिकने दोन-तीन ठिकाणी टोचावे, वर बशी झाकावी, मध्यम शक्तीवर थांबत थांबत शिजवावे आणि मिनिटभर तसेच ठेवावे. टोचल्याने धोका कमी होतो, संपत नाही. पाण्यात घातलेल्या व्हिनेगरचा मात्र फुटणे टाळायला काहीच उपयोग नाही. ते फक्त पांढरे लवकर आवळते.